कॉनर्सचा फॉर्म आणि तो तयार करणारा संशोधक: पालक, शिक्षक आणि विद्यार्थी विचारतात ते प्रश्न

मी मुंबईतल्या शाळांमध्ये समुपदेशक आहे. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचळवळ आणि उतावीळपणा यांचा विकार. त्याच्या तपासणीसाठी कॉनर्सची प्रश्नावली हातात पडली की पालक फोन करतात, मेसेज पाठवतात, शाळेच्या गेटवर थांबवून विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. काही प्रश्न मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींचे आहेत, ते शेवटी घेतले आहेत.

१. शाळेतून एक फॉर्म आलाय, वर 'कॉनर्स' लिहिलंय. हे नक्की काय आहे?

मुलाच्या वागण्याबद्दलची ही प्रश्नावली आहे. पालकांची वेगळी असते, शिक्षकांची वेगळी, आणि मोठ्या मुलांना स्वतःबद्दल भरायचीही एक असते. बसल्या जागी चुळबूळ, अर्धवट राहिलेली कामं, चटकन चढणारा राग अशा गोष्टी एकेका ओळीत दिलेल्या असतात. गेल्या महिन्याभरात ते कितपत दिसलं, याला शून्य ते तीन असा आकडा द्यायचा. यात पास-नापास नाही. मुलाला दिवसभर बघणाऱ्या माणसांचं निरीक्षण तपासणाऱ्यापर्यंत नीट पोहोचावं, एवढंच या कागदाचं काम.

२. कॉनर्स म्हणजे कोण? मोठे डॉक्टर होते का?

कीथ कॉनर्स हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. वैद्यकीय डॉक्टर नव्हते. जन्म १९३३ सालचा, युटा राज्यातला. शाळा पूर्ण होण्याआधीच ते शिकागो विद्यापीठात शिकायला गेले, पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला, आणि १९६० मध्ये हार्वर्डमधून त्यांनी पीएच.डी. केली. नंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिऑन आयझेनबर्ग यांच्यासोबत काम सुरू झालं आणि तिथेच आयुष्यभराचा विषय सापडला. उत्तरार्धात त्यांनी ड्यूक विद्यापीठात एडीएचडीचा स्वतंत्र विभाग उभा केला. जुलै २०१७ मध्ये ते वारले.

मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो दोन गोष्टींसाठी. त्यांनी मोजायला साधन दिलं, आणि त्या साधनाचा अतिरेक होतोय असं दिसल्यावर ते स्वतः उघडपणे बोलले (प्रश्न १४ पाहा).

३. ही प्रश्नावली मुळात कशासाठी बनवली होती?

औषधांच्या चाचण्यांसाठी. १९६९ मध्ये शिक्षकांची प्रश्नावली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री'मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती मुलांवरच्या औषधांच्या अभ्यासात वापरण्यासाठीच होती.

त्यामागची गोष्ट थोडी जुनी आहे. १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन दिलं आणि जवळजवळ निम्म्या मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. उत्तेजक औषधाने चळवळं मूल शांत बसतं, हे कुणाला अपेक्षित नव्हतं. पुढची वीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. १९६३ मध्ये कॉनर्स आणि आयझेनबर्ग यांनी मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा अडचण समोर होती: सुधारणा झाली म्हणजे नेमकं काय झालं? 'आता बरं वाटतंय' एवढ्यावर विज्ञान चालत नाही. औषधाची गोळी कुणाला आणि औषध नसलेली नुसती गोळी कुणाला हे शिक्षकाला माहीत नसताना त्याने मुलाबद्दल तेच ते प्रश्न भरायचे, मग दोन्ही गटांचे आकडे ताडून बघायचे, हा मार्ग त्यातून निघाला. पहिल्या प्रश्नावलीत ३९ ओळी होत्या.

उत्तरं आल्यावर कॉनर्स यांनी घटक-विश्लेषण नावाची सांख्यिकी पद्धत लावली. कुठली लक्षणं एकत्र येतात, ते गट त्यातून वेगळे झाले: आक्रमकपणा, भीती-चिंता, चळवळेपणा, आणि स्वप्नाळू, लक्ष नसलेलं वागणं. या शेवटच्या गटाकडे प्रश्न ११ मध्ये परत यायचं आहे.

४. डॉक्टर स्वतः तपासून का सांगत नाहीत? आमचा मुलगा तर त्यांच्यासमोर अर्धा तास शहाण्यासारखा बसला.

म्हणूनच. नवी जागा, अनोळखी माणूस, समोर एकटं मूल आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. अशा वेळी एडीएचडी असलेली बरीच मुलं नीट बसतात. १९८१ मध्ये 'पेडिअॅट्रिक्स'मधल्या एका अभ्यासात हे थेट तपासलं होतं: घरी आणि शाळेत चळवळ्या असलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलं डॉक्टरांच्या खोलीत अगदी ठीक वागली. डॉक्टरांसमोर शांत बसला म्हणून एडीएचडी नाही, असं धरू नका.

५. आम्ही घरी 'क्वचित' लिहिलं आणि बाईंनी सगळीकडे 'नेहमी'. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. १९८७ मध्ये थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले. आई आणि वडील, म्हणजे एकाच ठिकाणी मुलाला बघणारी दोन माणसं, यांच्या उत्तरांचा परस्परसंबंध (उत्तरं पूर्ण जुळली तर १, काहीच संबंध नसेल तर ०) ०.६ च्या आसपास आला. पालक आणि शिक्षक यांच्यात तो ०.२८ वर घसरला. मूल वेगवेगळ्या ठिकाणी खरोखर वेगळं वागतं.

आपल्याकडे हा फरक आणखी वाढतो. परळच्या एका खोलीत आजी दिवसभर घरी असते, मूल उठलं की दप्तर भरून देते, जेवताना मागे लागते, गृहपाठाला शेजारी बसते. त्या घरी विसराळूपणा दिसणार कसा? तो आजीने भरून काढलेला असतो. तेच मूल साठ जणांच्या वर्गात एकटं पडतं. उलटही होतं: शाळेत पोर गप्प, आणि दुपारची शाळा, ट्यूशन, प्रवास करून घरी आल्यावर भडका. म्हणून निकषांमध्येच अट आहे की लक्षणं दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत. फॉर्म भरताना एकमेकांशी जुळवून घेऊ नका. फरक दिसला तर तपासणाऱ्याला त्यातूनच पुष्कळ कळतं.

६. रिपोर्टमध्ये टी-स्कोर ७२ आलाय. म्हणजे एडीएचडी आहेच ना?

नाही, एवढ्यावरून नाही. टी-स्कोरची सरासरी ५० धरलेली असते आणि दर १० अंक म्हणजे एक प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप. ७० च्या वर म्हणजे त्या वयाच्या बहुतेक मुलांपेक्षा हे वागणं खूप जास्त नोंदवलं गेलं. का जास्त, ते आकडा सांगत नाही. ऐकू कमी येणं, अपुरी झोप, घरातलं भांडण, चिंता, वाचता न येणं, यातल्या कशानेही आकडा चढू शकतो.

निदान होतं ते निकषांवर. डीएसएम म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली; तिच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे (डीएसएम-५) लक्ष न लागण्याची नऊ आणि चळवळ-उतावीळपणाची नऊ लक्षणं आहेत. मुलात एका गटातली किमान सहा, किमान सहा महिने, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून, दोन किंवा अधिक ठिकाणी, आणि रोजच्या जगण्यात खरी अडचण होईल इतकी दिसावी लागतात. पालकांशी सविस्तर बोलल्याशिवाय हे ठरत नाही. फक्त फॉर्मचा आकडा बघून कुणी गोळी लिहून देत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

७. मोबाइलवर दोन-दोन तास हलत नाही. मग लक्ष लागत नाही असं कसं?

हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात, आणि रास्त आहे. एडीएचडीत लक्ष हवं तिथे लावणं आणि हवं तितका वेळ टिकवणं अवघड जातं. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं, बीजगणितात आठ महिन्यांनी. मानसशास्त्रज्ञ एडमंड सोनुगा-बार्क यांनी वाट पाहण्याची ही नावड अनेक वर्षं अभ्यासली: अशी मुलं उशिरा मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसापेक्षा आत्ताचं छोटं बक्षीस जास्त वेळा निवडतात. तेव्हा गेममधली एकाग्रता बघून 'हा मुद्दाम करतो' असं ठरवू नका.

८. कॉम्प्युटरची टेस्ट चांगली आली, तरी डॉक्टर एडीएचडी म्हणतात. असं कसं?

ती बहुधा कॉनर्स यांचीच कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट असेल. १४ मिनिटं पडद्यावर अक्षरं येत राहतात, 'एक्स' सोडून प्रत्येक अक्षराला बटण दाबायचं. किती चुकलं, किती वेळ लागला, वेग किती खालीवर झाला, ते मोजलं जातं. चाचणी उपयोगी आहे, पण शांत खोलीतली १४ मिनिटं म्हणजे घाटकोपरच्या शाळेतला पाचवा तास होत नाही. एडीएचडी असलेली काही मुलं ती सहज पार करतात आणि नसलेली काही अडखळतात. तिच्यापेक्षा पालक-शिक्षकांच्या नोंदी आणि मुलाखत यांना जास्त वजन असतं. एकट्या चाचणीवर हो किंवा नाही ठरत नाही.

९. रंगीत खाऊ, साखर, चॉकलेट बंद केलं तर जाईल का?

साखरेचा संबंध दिसलेला नाही. १९९५ मध्ये नियंत्रित अभ्यास एकत्र करून तपासलं, तेव्हा साखरेने मुलांचं वागणं बदलत नाही असंच निघालं.

रंगांचं थोडं वेगळं आहे. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे अॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी कृत्रिम रंग आणि स्वाद काढले तर मुलं सुधारतात असं मांडलं, आणि हजारो घरांत तो आहार सुरू झाला. कॉनर्स यांनी ते थट्टेवारी नेलं नाही आणि मानलंही नाही. त्यांनी मुलांवर नियंत्रित चाचण्या घेतल्या. आधी थोडा परिणाम दिसल्यासारखा वाटला, पण काटेकोर चाचण्यांत तो फारच किरकोळ निघाला. पुढे २००७ मध्ये साउदॅम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि पदार्थ टिकवणारं सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने सर्वसाधारण मुलांचाही चळवळेपणा थोडा वाढलेला दिसला, आणि युरोपात २०१० पासून अशा रंगांच्या खाद्यपदार्थांवर इशारा छापावा लागतो. रंगीत गोळ्या कमी केल्यात तर चांगलंच आहे. फक्त त्याला उपचार समजून वर्ष घालवू नका.

१०. औषध सुरू केल्यावर अभ्यासात लक्ष लागायला लागलं. म्हणजे निदान बरोबर होतं ना?

औषधाने फरक पडला ही आनंदाची गोष्ट, पण त्याने निदान सिद्ध होत नाही. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कुठलीही अडचण नसलेल्या १४ मुलग्यांना डेक्स्ट्रोअॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाचा एकेक डोस दिला. त्यांचंही लक्ष वाढलं, चुळबूळ कमी झाली. या औषधाचा हा परिणाम जवळजवळ सगळ्यांवर होतो.

दुसरी बाजू: औषधाशिवायही पहिल्या फॉर्मपेक्षा दुसऱ्या फॉर्ममध्ये आकडे थोडे उतरतात, हे कॉनर्सच्या प्रश्नावलीबाबत संशोधकांना पूर्वीपासून माहीत आहे. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक उपचाराआधी दोनदा फॉर्म भरून घेतात आणि दुसऱ्या आकड्यापासून मोजायला सुरुवात करतात. पुन्हा तोच फॉर्म दिला म्हणून वैतागू नका.

मिथाइलफेनिडेट आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याखाली येतं. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक केमिस्टकडे नसतं, तेव्हा संपायच्या आधी काही दिवस चौकशी करा.

११. मुलगी अजिबात मस्ती करत नाही, फक्त हरवलेली असते. तिचा फॉर्म कशाला?

प्रश्न ३ मधला तो चौथा गट आठवा. १९६९ मध्येच आकडे सांगत होते की स्वप्नाळू, लक्ष नसलेलं वागणं हे चळवळेपणापासून वेगळं उभं राहतं. तरी वैद्यकीय नावात ते यायला ११ वर्षं लागली. १९६८ च्या डीएसएम-२ मध्ये विकाराचं नावच अतिचळवळीवरून होतं. मधल्या काळात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी खरी अडचण लक्ष टिकवण्यात आणि आवेग रोखण्यात आहे असं दाखवून दिलं. १९८० मध्ये डीएसएम-३ ने 'लक्ष कमी, चळवळ असो वा नसो' अशी मांडणी स्वीकारली.

वर्गात मात्र अजून १९६८ च चालू आहे असं मला वाटतं. बेंचवर उड्या मारणारा पोरगा पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पाठवला जातो. खिडकीतून बाहेर बघणारी, वही विसरणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी आठवीत नापास व्हायला लागल्यावर येते, आणि तोवर ती स्वतःला 'ढ' समजायला लागलेली असते. शिक्षकांना विनंती आहे, तिचा फॉर्म आधी मागा.

१२. माझा मुलगा वर्गात वयाने सगळ्यात लहान आहे. त्याने फरक पडतो का?

पडतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर आहे. तिथल्या २०१२ च्या अभ्यासात, वर्गातल्या जानेवारीत जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत डिसेंबरमधल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान होण्याची शक्यता ३० टक्के जास्त आणि मुलींना ७० टक्के जास्त निघाली. साध्या वयाच्या फरकाला आजार समजलं जात होतं. टी-स्कोर वयानुसार काढतात, पण शिक्षकाच्या मनात तुलना वर्गाशीच होते. जन्मतारीख सीमेजवळची असेल तर तपासणाऱ्याला आपणहून सांगा.

१३. फॉर्म इंग्रजीत आहे. व्हॉट्सअॅपवर मराठी पीडीएफ आली आहे, ती भरू का?

नको. कॉनर्सची प्रश्नावली विकत घ्यावी लागते, तिच्यावर प्रकाशकाचा हक्क आहे, आणि फिरणाऱ्या पीडीएफचं भाषांतर कुणी केलं, ओळी गाळल्या का, हे कळायला मार्ग नाही. इंग्रजी अडत असेल तर समुपदेशकासमोर बसून ओळ समजून घ्या आणि मग आकडा द्या. आजीचं मतही त्याच वेळी विचारता येतं.

याहून मोठी अडचण म्हणजे कॉनर्सचा सरासरीचा आकडा अमेरिका-कॅनडातल्या मुलांवरून काढला आहे. आपल्या वर्गात, आपल्या घरात किती चुळबूळ 'नेहमीची' हे त्यांना कसं ठाऊक असणार? भारतात इन्क्लेन या संस्थेने एडीएचडीसाठी निदानाचं साधन तयार केलं आहे. ते पालकांच्या मुलाखतीवर चालतं आणि डीएसएमच्या निकषांवर बेतलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांकडे त्याची चौकशी जरूर करा. व्हँडरबिल्ट आणि स्नॅप-४ या प्रश्नावल्या मोफत आहेत, पण त्याही परदेशातल्याच.

१४. खुद्द कॉनर्सच म्हणाले ना की एडीएचडी हे सगळं खोटं आहे?

असं ते कधीच म्हणाले नाहीत, आणि हा गैरसमज मला सगळ्यात जास्त टोचतो. २०१३ पर्यंत अमेरिकेत ४ ते १७ वयाच्या ११ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालं होतं. जगभरातल्या अभ्यासांची सरासरी मात्र पाच टक्क्यांच्या आसपास येते. हे आकडे बघून कॉनर्स यांनी त्या वर्षी आपल्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांसमोर आणि वर्तमानपत्रातून स्पष्ट सांगितलं की निदानांचा हा पूर राष्ट्रीय आपत्ती आहे. रोख होता तो घाईच्या निदानावर आणि औषधकंपन्यांच्या जाहिरातींवर. मुलांच्या खऱ्या त्रासाबद्दल त्यांना शंका नव्हती. आयुष्याची पन्नास वर्षं त्यांनी त्याच मुलांसोबत काढली होती.

एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एमटीए या मोठ्या अभ्यासातही ते होते. त्यात ५७९ मुलांना १४ महिने चार प्रकारे सांभाळलं गेलं: काटेकोर औषधोपचार, वर्तनोपचार, दोन्ही मिळून, आणि नेहमीचे बाहेरचे उपचार. १९९९ चे निष्कर्ष आले तेव्हा मुख्य लक्षणांवर औषध सरस ठरलं. कॉनर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सगळे निकाल एकत्र करून पुन्हा मोजले, तेव्हा औषध आणि वर्तनोपचार दोन्ही मिळून दिलेली मुलं पुढे निघाली. २००७ मध्ये, तीन वर्षांनंतर, गटांमधला फरक पुसला गेलेला दिसला. सुरुवातीच्या १४ महिन्यांसारखी बारकाईची देखरेख तोवर राहिली नव्हती. 'गोळी सुरू केली, काम झालं' असं समजणाऱ्या पालकांना मी हा अभ्यास आवर्जून सांगते.

१५. मुलाचा फॉर्म भरताना वाटलं, हे तर माझंच वर्णन आहे. आता चाळिशीत तपासून उपयोग आहे का?

आहे. एडीएचडी घराण्यात चालतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यातला आनुवंशिक वाटा ७४ टक्क्यांच्या आसपास धरतात. १७ वर्षांच्या पुढे सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात, पण ती बाराव्या वर्षाआधी होती का हे बघावंच लागतं. जुनी प्रगतिपुस्तकं माळ्यावर असतील तर काढा, शेरे वाचा. आई किंवा थोरली बहीण असेल तर तिला सोबत न्या.

१६. दहावीला सवलत मिळते का?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. दोन्ही एकत्र असलेली मुलं बरीच असतात, म्हणून वाचन-लेखन-गणिताची तपासणीही करून घ्या. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी आणि प्रमाणपत्र मिळतं. रांग मोठी असते, दहावीची वाट बघू नका.

१७. मी मानसशास्त्र शिकतेय. मला कॉनर्ससारखं संशोधन करायचंय. सुरुवात कुठून करू?

दोन वाटा आहेत. एमबीबीएस करून मनोविकारशास्त्रात एमडी, आणि पुढे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत बाल व किशोर मनोविकारशास्त्रात डीएम. किंवा मानसशास्त्रात एमए, मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल शिक्षण आणि पीएच.डी. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची संशोधन योजना बघा, छोटा अभ्यास स्वतः करून बघायला मिळतो.

वाट कुठलीही असो, सांख्यिकी मनापासून शिका. ३९ ओळींच्या ढिगातून गट वेगळे काढणं हीच कॉनर्स यांच्या कामाची सुरुवात होती. मुलांवर अभ्यास करायचा तर आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं पाठच करा. पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी अनुमती लागते. मूल नको म्हणालं तर थांबायचं. उपचाराची चाचणी असेल तर पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करायची.

विषय शोधत असाल तर प्रश्न १३ पुन्हा वाचा. मराठी माध्यमाच्या, महापालिकेच्या शाळेतल्या मुलांची स्वतःची सरासरी काढायची, म्हणजे ओळी मराठीत आणायच्या, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून ताडायच्या, धारावीतल्या आणि दादरच्या आईला त्या सारख्याच कळतात का हे विचारून बघायचं, मग शेकडो फॉर्म गोळा करायचे. पुष्कळ वर्षांचं आणि चिकाटीचं काम आहे. कुणी मनावर घेत असेल तर मला कळवा, मी शाळांशी बोलून ठेवते.